जोडीची झारी

नरसिंगने झारी तिरपी केली तेव्हा तोटीतून पाणी आलं. मुठीवरचा अंगठा त्याने किंचित खाली सरकवला, धार क्षणभर तुटली आणि त्याच तोटीतून साखरेचा पाक पडू लागला. आकांक्षा खाली वाटी धरून बसली होती. मान वाकडी करून तिने पाकाची धार उजेडात निरखली.

"पातळ झालाय," ती म्हणाली. "ग्लिसरीन याच्याहून सावकाश पडतं. महाराजांना हातात धरल्याबरोबर कळेल."

"वजनावरून न्हाई कळत त्याला. धारंवरून कळते."

"मग पुन्हा आटवते."

ती स्टोव्हकडे वळली. वारंगा फाट्यावरच्या त्या गोदामात मंडपाचे बांबू, गुंडाळलेल्या कनाती आणि एकात एक घातलेल्या खुर्च्या छतापर्यंत लागल्या होत्या. बाहेर नांदेडकडून आलेले ट्रक हिंगोलीच्या रस्त्याला वळताना गिअर बदलत आणि दर वेळी पत्र्याचं शटर थरथरे. बापलेक सकाळपासून याच कामाला लागले होते.

झारी पितळेची होती. आतून तिचे दोन कप्पे केलेले, आणि मुठीच्या आतल्या अंगाला दोन बारीक भोकं. जे भोक अंगठ्याने बुजवलं त्या कप्प्यात हवा शिरत नाही, आणि हवा शिरली नाही की आतलं काही बाहेर येत नाही. एवढीच गोष्ट. आकांक्षाची बी.एस्सी. झालेली, तिने झारीचा छेद कागदावर काढला तेव्हा तिला त्यात नवल वाटण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण पूर्वी तंबूच्या खेळात हीच झारी नरसिंगच्या जोडीदाराच्या, सोनाजीच्या, हातात असली की गावंच्या गावं श्वास रोखून बसत. एकाच्या ओंजळीत पाणी पडे, शेजारच्याच्या ओंजळीत दूध. तंबूबाहेरच्या कापडावर 'जादूगार सोना' एवढंच लिहिलेलं असे. नरसिंगचं नाव त्यावर कधी नव्हतं आणि त्याचं त्याला काही वाटतही नव्हतं. सोनाजी उजेडात उभा राहायचा. नरसिंग कधी पडद्यामागे असायचा, तर कधी तिकीट काढून आलेल्या माणसासारखा प्रेक्षकांत.

खेळवाल्याकडे मोक्याच्या प्रत्येक वस्तूची जोड असते. नांदेडच्या तांबटाकडून त्यांनी एकसारख्या दोन झाऱ्या करून घेतल्या होत्या. एक गळायला लागली तर खेळ अडू नये म्हणून. पुढे घरोघरी केबल आलं, तंबूत माणूस येईना, तेव्हा दोघांनी सामान वाटून घेतलं. कापड आणि बांबू घेऊन नरसिंगने मंडपाचा धंदा टाकला. झाऱ्या एकेक वाट्याला आल्या. नरसिंगची ट्रंकेत पडून राहिली. सोनाजीची सेनगावच्या पुढे, एका माळावर, चौरंगावर जाऊन बसली. तिथे आता त्याला झारीवाले महाराज म्हणत. त्याच्या झारीतलं पाणी लोक तीर्थ म्हणून पीत, आणि तेच पाणी त्याने होमातल्या लाकडांवर ओतलं की काडी न लावता जाळ उठे.

लाकडांखाली विहिरीत टाकतात त्या लाल औषधाची पूड आणि झारीच्या दुसऱ्या कप्प्यात ग्लिसरीन. खेळातही ते दोघं हेच करत. फरक इतकाच की तेव्हा शेवटी सोनाजी वाकून सलाम करायचा आणि लोक हसत घरी जायचे. नरसिंगला हे पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तो कोणाला काही बोलला नव्हता. ज्याच्यासोबत एका ताटात जेवलो त्याचा खेळ चारचौघांत उघडा करायचा नाही, असं तो स्वतःला सांगत आला होता आणि ते सांगताना त्याला बरंही वाटायचं.

मग सपनाचा हात भाजला.

सपना त्याच्या बहिणीची, जनकाबाईची मुलगी. कुरुंद्यात मायलेकी हळदीच्या कामाला जात. सपनाला लहानपणापासून फिट यायची. नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यावर वर्ष उलटून गेलं तरी एकही आली नव्हती. पण गोळ्या कधी थांबतील याला डॉक्टरांकडे उत्तर नव्हतं, आणि लग्नाचं बघायचं तर रोजच्या गोळ्या लपवायच्या कशा, हा जनकाबाईचा घोर होता. शेजारच्या मंजुळाबाईने तिला माळावर नेलं. महाराजांनी सपनाच्या दंडाला धागा बांधला आणि सांगितलं की धागा आणि इंग्रजी गोळ्या एका अंगात नांदत नाहीत. गोळ्या बंद झाल्या. वस्तीतल्या बुद्धविहारात कोणाला कळू द्यायचं नाही, असं जनकाबाईने लेकीला बजावून ठेवलं. त्यानंतर काही आठवड्यांतच सपना हळद शिजवायच्या कढईशेजारी कोसळली. बरोबरच्या बाईने तिला वेणीला धरून मागे ओढलं, म्हणून हातच भाजला, तोही कोपरापर्यंत.

नरसिंग आकांक्षाला घेऊन भेटायला गेला तेव्हा जनकाबाई शांत होती.

"महाराज म्हनलेच होते, दादा. आधी वाढते, मंग जाते."

सपना भिंतीला टेकून बसली होती. फडक्यात गुंडाळलेला हात तिने दुसऱ्याच कोणाची वस्तू सांभाळावी तसा मांडीवर ठेवला होता. चहा करताना जनकाबाईने कमरेची पिशवी सोडली, तेव्हा तिच्यात पान-सुपारीखाली गोळ्यांची पाकिटं चकाकली. महाराजांनी ती नदीत सोडायला सांगितली होती. तिने सोडली नव्हती.

"आत्याचा अजून पुरता विश्वास बसलेला नाही," परतताना आकांक्षा म्हणाली. "एकदा, फक्त एकदा तो जाळ उठला नाही ना, ती त्याच दिवशी सपनाला गोळी देईल."

दिवाळीत तिने मैत्रिणीकडून एका पिक्चरची सीडी आणली होती. इंग्रजी, पण हिंदीत बोलणारा. त्यात जादूगारांची एक टोळी भरल्या थिएटरात खेळ करता करता बँक लुटते. नरसिंगने तो गोदामातल्या टीव्हीवर शेवटपर्यंत पाहिला होता आणि एवढंच म्हणाला होता की यांची झाकाझाकी चांगली आहे, पण माल उचलायची घाई करतात. आता आकांक्षाला तो पिक्चर आठवत होता. आपणही तसंच करू, ती म्हणाली. काही तोडायचं-मोडायचं नाही, कोणाला पकडायचं नाही. महाराजांची झारी महाराजांच्याच हातात राहील, फक्त ती त्यांची नसेल.

झारीवाले महाराज म्हणजे आपल्या कानामागून नाणी काढणारा सोनाजीकाका, हे तिला तेव्हाच पहिल्यांदा कळलं होतं.

"इतकी वर्षं काहून बोलला नाहीत तुम्ही?"

"कोनी इचारलं न्हाई."

तिने पिशवीतून कागद काढला आणि झारी आतून कशी असते ते विचारलं. त्याला वाटलं, भांडली असती तर बरं झालं असतं.

पाक आटला. या वेळी धार बरोबर पडली.

माळावर जायच्या दिवशी जनकाबाई जीपमध्ये भावाशेजारी बसली. भाऊ आपणहून दर्शनाला निघाला याचा तिला इतका आनंद झाला होता की हिंगोली येईपर्यंत तिने दोनदा भाकरीचं गाठोडं सोडून त्याला काही खायचं का विचारलं. थंडी होती. नरसिंगने डोक्याला मफलर गुंडाळला होता आणि अंगावर जाड शाल घेतली होती. शालीखाली झारी पोटाशी गार लागत होती.

मागच्या बाकावर सपनाने आकांक्षाला कोपराने ढोसलं.

"तू तर काहीच मानत न्हाईस. तू काहून येऊन राहिली?"

"प्रसाद चांगला असते म्हने तिथला."

सपना हसली. हसताना तिने भाजलेला हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

माळावर पत्र्याची मोठी शेड होती. बाहेर नारळवाले बसले होते. आत एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, मधोमध विटांचा होम आणि त्यात रचलेली बारीक लाकडं. आसनाशेजारी चौरंगावर लाल फडक्याने झाकलेली झारी. महाराज बाहेर येण्याआधी लोक रांगेने जाऊन त्या झारीपुढे डोकं टेकत होते. दोन सेवेकरी रांग पुढे सरकवत होते.

आकांक्षा बायकांच्या रांगेत पुढे गेली. चौरंगाशी वाकताना तिच्या हातातली मुरमुऱ्या-बत्ताशांची पिशवी फाटली आणि सगळा प्रसाद जमिनीवर पसरला. प्रसादावर पाय पडू द्यायचा नसतो. कोणी काही सांगण्याआधीच सेवेकरी खाली बसले, रांगेतल्या बाया पदर सावरत मागे सरल्या, पुरुष आपापल्या पायांखाली पाहू लागले. नरसिंग त्याच वेळी चौरंगापुढे वाकला होता. शाल पुढे आली, मागे गेली. फडकं हललं नाही, पितळ पितळाला लागलं नाही.

तो येऊन पुरुषांत बसला तेव्हा त्याचे तळहात कोरडे होते. इतक्या वर्षांनी हातांनी त्यांचं काम केलं होतं आणि ते चुकले नव्हते. त्याला लाज वाटावी इतका आनंद झाला.

सोनाजी बाहेर आला. दाढी पांढरी, अंग सुटलेलं, पण चालणं तेच. लोकांकडे न पाहता लोकांना आपल्याकडे पाहायला लावणारं. त्याने फडकं बाजूला केलं आणि झारी उचलली. नरसिंगचं लक्ष फक्त त्याच्या अंगठ्यावर होतं. अंगठा आपल्या जागी बसला. ओंजळींमध्ये पाणी पडू लागलं. म्हातारी माणसं, लेकरं घेतलेल्या बाया, सगळे प्याले. सपना प्याली. जनकाबाईने ओला हात तिच्या डोक्यावरून फिरवला.

मग सोनाजी होमाकडे वळला. बोलणं थांबलं. त्याने अंगठा खाली घेतला आणि धार लाकडांवर सोडली.

काही झालं नाही.

थंडीत थोडा वेळ लागतो, हे नरसिंगला माहीत होतं आणि सोनाजीलाही. तो डोळे मिटून उभा राहिला. लाकडं भिजत राहिली. त्याने पुन्हा धार सोडली. आता विटांच्या फटीतून एक गडद जांभळा ओघळ बाहेर आला आणि हळूहळू पुढे सरकू लागला. पहिल्या रांगेतल्या बायका तो बघत मागे झाल्या. कोणीतरी कुजबुजलं. जनकाबाईची मान उंच झाली होती आणि तिचा हात कमरेच्या पिशवीवर होता. तिच्या मागे आकांक्षा गुडघ्यावर आली. हे काय आहे ते सगळ्यांना सांगायचं, असं ठरलं होतं.

सोनाजीने डोळे उघडले. त्याचा डावा हात वर गेला आणि त्याने कानाची पाळी चिमटीत धरली.

खेळात याचा एकच अर्थ होता. अडकलोय, सांभाळ. ही खूण बघितली की नरसिंग प्रेक्षकांत जिथे असेल तिथून ओरडायचा की उस्ताद, मंडळीत कोणाजवळ तरी लोखंड आहे, म्हणून जादू चालत नाही. मग लोक एकमेकांकडे बघून हसायचे, कोणी किल्ली काढून दाखवायचा, कोणी अडकित्ता, सोनाजी त्यांची थट्टा करायचा आणि तेवढ्या वेळात बिघडलेलं सगळं सावरलेलं असायचं. समोर नरसिंग बसला आहे हे आज सोनाजीला माहीत नव्हतं. हात आपोआप कानाकडे गेला होता.

"उस्ताद," शेडमधल्या शेवटच्या माणसापर्यंत जाईल असा एक आवाज आला, "मंडळीत कोनाजवळ तरी लोखंड हाय."

तो आपलाच आवाज होता हे नरसिंगला नंतर कळलं.

कोणी हसलं नाही. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या आणि मग एकमेकांकडे. सोनाजी थांबला, पण अगदी थोडा. खेळात थांबायचा तेवढाच.

"बराबर बोलला हा मानूस," तो म्हणाला. "लोखंड म्हनजे खिळाच असते असं न्हाई. तोंडानं माझं नाव घ्यायचं अन् कमरेला इंग्रजी औषध बांधून यायचं, तेबी लोखंडच. ज्याचं त्याला ठाऊक हाय. त्यानं उठावं."

शेडमध्ये लाकडांवरून ठिबकणाऱ्या पाकाचा आवाज येत होता. नरसिंगला काही बोलायचं होतं. हे खोटं आहे, मीच बदललंय, एवढंच. त्याने मफलर आणखी पुढे ओढला. आकांक्षा त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपण काहीतरी चुकीचं ऐकलं असावं, असं काहीतरी होतं.

जनकाबाई उठली.

आकांक्षाने तिचं कोपर धरलं. जनकाबाईने ते सोडवून घेतलं आणि पदर डोक्यावर घेत पुढे गेली. पिशवी उघडून तिने गोळ्यांची पाकिटं एकेक करून महाराजांच्या पायाशी ठेवली. तिचे खांदे खाली आले होते, जसे डोक्यावरचा भारा उतरवल्यावर येतात. मागे आणखी दोघीजणी उठल्या. एका म्हाताऱ्याने खिशातून बाटली काढली.

सेवेकऱ्यांनी ओली लाकडं काढली आणि आतून नवी आणून रचली. झारी विटाळली म्हणून महाराज ती घेऊन आत गेले, मंत्र म्हणत बाहेर आले. या वेळी धार पडली आणि थोड्या वेळाने लाकडांतून आधी धूर, मग पांढराशुभ्र जाळ उठला. शेड दणाणून गेली. पाकिटं जाळात टाकली तेव्हा त्यांचा चंदेरी कागद गोळा होत गेला. आधी पेटला नव्हता म्हणून आज तो जाळ नेहमीपेक्षा मोठा वाटला.

गर्दीवरून फिरत सोनाजीची नजर मफलरवर येऊन थांबली. ओळख पटली असावी. हनुवटी जराशी खाली आली आणि वर गेली. बिघडलेला खेळ सावरला की रोज रात्री तंबूत एवढीच दाद मिळायची आणि नरसिंगला ती पुरायची. आताही त्याची मान आपोआप लवली.

परतीच्या वाटेवर जनकाबाई थांबून थांबून बोलत होती.

"मी तर लाजंनं बसूनच राह्यले असते, दादा. सगळ्यांच्या आधी तुला कळलं. तू कवा काही मानलं न्हाईस, अन् तुलाच कळलं."

नरसिंग बाहेर बघत होता. सोयाबीन निघालेली रानं मोकळी पडली होती.

"मामा," मागून सपना म्हणाली, "आई म्हनते उद्याच्याला कामावर चल. आता कढईपाशी गेलं तर चालते ना?"

 त्याच्याऐवजी जनकाबाईनेच उत्तर दिलं, आता कशाला भ्यायचं म्हणून.

फाट्यावर उतरल्यावर मायलेकींची जीप वसमतच्या दिशेने गेली. गोदामाचं शटर वर करताना आकांक्षाने विचारलं,

"ते तुम्ही ठरवून बोललात?"

"न्हाई."

"मग?"

"त्यानं कानाला हात लावला."

तिने शटर वरपर्यंत ढकललं.  

"मी उठतच होते, पप्पा," ती शेवटी म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी कामाची जीप यायच्या आधी बापलेक कुरुंद्याला पोचले. आकांक्षाने आदल्या संध्याकाळीच वसमतला जाऊन औषधाच्या दुकानातून ग्लिसरीनची बाटली, लाल औषधाची पुडी आणि डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठीवर सपनाच्या गोळ्यांची नवी पाकिटं घेतली होती. पुडीतली पूड तिने रात्रीच खलबत्त्यात बारीक करून ठेवली होती; सकाळच्या गारठ्यात जाडी पूड पेटायला फार वेळ लावते.

नरसिंगने अंगणात दोन विटा ठेवल्या, त्यांत काटक्या रचल्या. जनकाबाई डबा बांधता बांधता दारात येऊन उभी राहिली. सपना तिच्या मागे. कुडाच्या पलीकडून मंजुळाबाईनेही मान वर काढली.

तो सगळं सांगत गेला. झारी कोणी केली, कप्पे कसे आहेत, कोणतं भोक कशाचं. सोनाजी आणि तो कोणत्या गावात कोणता खेळ करत. कालची झारी आपण बदलली होती. काल जे बोललो ते खेळातलं वाक्य होतं, देवाचं नव्हतं. सांगताना त्याला जाणवलं की इतकं सलग तो कित्येक वर्षांत बोललेला नाही, आणि हे सगळं पहिल्या वर्षीच बोलायला हवं होतं; तेव्हा ऐकणारी माणसं वेगळी होती. मग त्याने पूड टाकली आणि तिच्यावर बाटलीतून ग्लिसरीन ओतलं.

धूर आला. मग जाळ.

"हे दुकानातून आनलं, जनका. पैशे टाकले की कोनालाबी भेटते."

जनकाबाईने डबा खाली ठेवला होता. तिचे दोन्ही हात जोडलेले होते.

"तुझ्याबी हाताला आलं, दादा."

"हाताचं काही न्हाई याच्यात."

"काल तूच वळखलंस. मला तवाच वाटलं होतं."

आकांक्षा पुढे झाली. आत्या, आता मी करते, नीट बघ, असं म्हणत तिने काटक्या बाजूला केल्या, नव्या रचल्या, पूड टाकली. कोणता पदार्थ कशाशी संयोग पावतो आणि उष्णता कुठून येते हे ती सोप्या शब्दांत सांगत राहिली. जाळ उठला. जनकाबाईने मायेने तिच्याकडे पाहिलं.

"बापाची लेक हाय," ती मंजुळाबाईला म्हणाली.

मंजुळाबाईने कुडापलीकडून मान डोलावली.

रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. सपनाने चप्पल पायात घातली. जनकाबाईने डबा उचलला.

नरसिंग अजून विटांपुढे उकिडवा बसला होता. त्याने लेकीकडे हात केला. तो काय मागतोय ते तिला कळेना, तेव्हा तिच्या पिशवीतून त्याने स्वतःच गोळ्यांची पाकिटं काढली. तो उठला. मफलर काढून त्याने खांद्यावर टाकला आणि पाठ ताठ केली. पाकिटं उरलेल्या धुरावर धरली, एकदा उजवीकडून फिरवली, एकदा डावीकडून. मग तंबूत म्हणायचे ते शब्द त्याने म्हटले, सगळे, सावकाश, शेवटच्या रांगेला ऐकू जातील असे. त्या शब्दांना काही अर्थ नव्हता. लोकांचं लक्ष हातावरून निघावं म्हणून ते रचलेले होते. बोटांत राख घेऊन त्याने ती पाकिटांना लावली.

"सकाळी एक, रातच्याला एक," तो म्हणाला. "एक दिवस जरी खंड पडला तरी ह्या राखेची आन हाय. अन् कढईच्या कामाला जायचं न्हाई. वाळल्या हळदीवर बस म्हनावं तिला."

जनकाबाईने पदर पसरला. पाकिटं पदरात पडली. त्यातली एक गोळी तिने तिथेच सोडवली आणि सपनाला दिली. सपनाने आधी मामाकडे पाहिलं, मग आकांक्षाकडे. आकांक्षाने मान फिरवली होती. सपना आत जाऊन रांजणातलं पाणी घेऊन आली आणि गोळी गिळली.

"महाराजाचा धागा?" जनकाबाईने विचारलं.

"तुला वाटते तवर राहू दे."

जीप गेल्यावर अंगण रिकामं झालं. मंजुळाबाई कुडापाशी अजून होती. तिच्या नातवाचा खोकला जात नाही, ती म्हणाली, आणि विटांमधल्या राखेकडे बघू लागली. नरसिंगने तिला विचारलं की डॉक्टरांनी काय दिलंय. ती आत बघायला गेली.

आकांक्षाने विटा भिंतीला लावल्या. हातावरचे जांभळे डाग तिने मातीने घासले, ते निघाले नाहीत. बाटलीत ग्लिसरीन अर्ध्याच्या वर उरलं होतं. ती बाटली घेऊन उकिरड्याच्या कडेला गेली, झाकण फिरवलं आणि बापाकडे न बघता विचारलं,

"सांडून देऊ?"

मंजुळाबाई घराच्या आत कोणाला तरी हाक मारत होती.

"पाकिटं सरल्यावर जनका राख मागायला येईल," नरसिंग म्हणाला. "राहू दे."

 आकांक्षाने झाकण पुन्हा बसवलं, घट्ट झालं का ते बाटली उलटी करून पाहिलं, आणि ती आपल्या पिशवीत ठेवली.